मातीला काय विचारायचं: उत्खननाच्या पुराव्यातून प्राचीन धर्मांचा इतिहास कसा वाचायचा

दर थोड्या दिवसांनी एखादी बातमी फिरत येतेच, अमुक ग्रंथातलं शहर सापडलं, तमुक महापुरुषाच्या अस्थी मिळाल्या, आणि लगेच दोन गट तयार होतात, एक म्हणतो बघा आम्ही सांगतच होतो, दुसरा म्हणतो सगळं थोतांड आहे. मी गेली बरीच वर्षं आवडीने उत्खननाचे रिपोर्ट वाचतेय आणि मला मनापासून वाटतं की दोन्ही गट मातीला चुकीचा प्रश्न विचारतात. ही कथा खरी का खोटी, हे मातीला ठाऊक नसतं. इथे कोण राहिलं, काय शिजवलं, काय जाळलं, मेलेल्यांना कसं पुरलं, कशाची पूजा केली, दान कोणी दिलं आणि हे सगळं साधारण कधी झालं, एवढं तिला ठाऊक असतं, आणि नीट विचारलं तर ती ते खूप बारकाईने सांगते. तर अशी बातमी, लेख किंवा रिपोर्ट समोर आला की काय काय बघायचं ते मी माझ्या पद्धतीने सांगते.

आधी प्रश्न दुरुस्त करा

वाचायला बसायच्या आधी एका ओळीत लिहून काढा की दावा नक्की काय आहे, आणि मग तो दावा वस्तूंवरून तपासता येण्यासारखा आहे का ते बघा. एखादं शहर जळलं का, हे राखेच्या थरावरून कळतं. ते कोणी जाळलं, हे कधीकधी कळतं. ते देवाच्या कोपाने जळलं का, हे कुठल्याही ट्रेंचमधून, म्हणजे उत्खननाच्या चरातून, कधीच कळणार नाही, आणि हा पुरातत्त्वाचा पराभव वगैरे नाही, तो प्रश्नच त्या शास्त्राचा नाही.

मला यासाठी लाखीशचं उदाहरण सगळ्यात आवडतं. हे प्राचीन यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेम राजधानी असलेल्या ज्यूंच्या राज्यातलं एक शहर. इ.स.पू. ७०१ मध्ये असिरियाचा राजा सेनाखेरिब यहूदाच्या राज्यावर चालून गेला. ही गोष्ट बायबलमध्ये आहे, सेनाखेरिबच्या स्वतःच्या मातीच्या लेखात आहे, त्याची राजधानी निनवे, तिथल्या त्याच्या राजवाड्यात लाखीशच्या वेढ्याचे मोठमोठे दगडी शिल्पपट होते जे आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि खुद्द लाखीशला खणल्यावर असिरियन सैन्याने तटाला लावून रचलेला दगडमातीचा उतार, बाणांची टोकं, गोफणीचे गोटे आणि जळलेलं शहर हे सगळं मिळालं. म्हणजे चार वेगवेगळ्या जागांहून एकच घटना दिसते, असं भाग्य फार कमी वेळा लाभतं. पण तिथून जेरुसलेमकडे वळलं की बघा काय होतं. सेनाखेरिब म्हणतो मी यहूदाचा राजा हिज्किया याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला आणि खंडणी घेतली, शहर जिंकलं असं मात्र तो म्हणत नाही. बायबल म्हणतं की देवदूताने एका रात्रीत असिरियन छावणीतले १,८५,००० लोक मारले. सोन्याची खंडणी दोघांकडे ३० टॅलंटच आहे (टॅलंट हे तेव्हाचं वजनाचं माप), पण चांदी बायबलमध्ये ३०० आणि सेनाखेरिबकडे ८००. आता यातून काय घ्यायचं, तर स्वारी झाली, लाखीश पडलं, जेरुसलेम पडलं नाही, खंडणी गेली, एवढं भक्कम. देवदूत हा श्रद्धेचा भाग, त्याला पुरावा म्हणून जळलेलं लाखीश दाखवता येत नाही आणि त्याच्या विरोधात सेनाखेरिबचा लेखही दाखवता येत नाही. "एक भाग खरा निघाला म्हणजे सगळंच खरं" आणि "एक भाग चमत्काराचा आहे म्हणजे सगळंच खोटं" या दोन्ही उड्या सारख्याच चुकीच्या आहेत, आणि भांडणं होतात ती नेमकी या दोन उड्यांवरूनच.

वस्तू कुठे सापडली ते वस्तूपेक्षा महत्त्वाचं

फोटोत मूर्ती दिसते, नाणं दिसतं, आपण हरखून जातो. पण पहिला प्रश्न हा विचारायचा की ही वस्तू कुठल्या थरात, कशाच्या वर, कशाच्या खाली, कशाच्या शेजारी होती. पांढरीचं टेकाड म्हणजे शेकडो वर्षं एकावर एक साचलेली वस्ती असते, खालचं जुनं, वरचं नवं, हा साधा नियम. पण त्यातही कोणीतरी नंतर धान्याचं पेव खणतं, कोणी पाया खणतं, उंदीर-घुशी बिळं करतात आणि वरची वस्तू खाली जाते, खालची वर येते. म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये ट्रेंचच्या उभ्या भिंतीचं चित्र असतं, थरांच्या रेषा काढलेल्या असतात, खड्डे वेगळे दाखवलेले असतात. ते चित्र नसेल आणि नुसते वस्तूंचे सुंदर फोटो असतील तर मी तिथेच सावध होते.

तुर्कस्तानातली चातालह्योयुक ही अश्मयुगातली वस्ती घ्या. १९६० च्या दशकात जेम्स मेलार्टने तिथे खणलं, बाईच्या भरदार मातीच्या मूर्ती मिळाल्या आणि इथे मातृदेवीची पूजा चालायची असं चित्र जगभर पसरलं, अजूनही पुष्कळ ठिकाणी तेच वाचायला मिळतं. पुढे १९९३ पासून इयन हॉडरच्या टीमने बरीच वर्षं तिथे काम केलं, एकेक मूर्ती कुठे सापडली याची नोंद ठेवली, तेव्हा दिसलं की बहुतेक छोट्या मूर्ती प्राण्यांच्या आहेत आणि पुष्कळशा उकिरड्यात, राखेच्या ढिगात मिळाल्यात. आता उकिरड्यात मिळाली म्हणून ती पवित्र नव्हतीच असंही ठामपणे म्हणता येत नाही, वापर संपल्यावर टाकून दिली असेल, पण देव्हाऱ्यातली देवी हे चित्र मात्र तसंच्या तसं उभं राहत नाही. मूर्ती त्याच, फक्त जागा कळली आणि अर्थ बदलला.

याच कारणाने समुद्रातून किंवा नदीतून उपसून काढलेल्या वस्तूंवर फार मोठा इमला बांधू नये. २००२ च्या सुरुवातीला खंभातच्या आखातातून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याचं वय साधारण ९,५०० वर्षं आलं आणि बुडालेल्या नगराच्या बातम्या सुरू झाल्या. लाकडाचं वय बरोबर असेलही, पण ते लाकूड समुद्राच्या तळावरून खरवडून वर काढलं होतं, तळाशी ते कशाला लागून होतं, वाहत आलं होतं का, हे त्यावरून कळत नाही. जुनं लाकूड म्हणजे जुनं शहर नव्हे.

आणि बाजारातून आलेल्या वस्तू, म्हणजे खणून काढलेल्या नाहीत, कुणा व्यापाऱ्याकडून किंवा संग्राहकाकडून आल्या, त्यांच्याबाबतीत तर आणखी कडक राहा. मृत समुद्राच्या गुंडाळ्या, म्हणजे ज्यूंची प्राचीन हस्तलिखितं, १९४७ पासून त्या समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांमध्ये मिळाल्या तेव्हा केवढा मोठा फरक पडला, बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाची हिब्रू प्रत तोपर्यंतच्या प्रतींपेक्षा साधारण हजार वर्षं मागे गेली. पण मग त्या नावाचं मोल इतकं वाढलं की बाजारात छोटे छोटे तुकडे येऊ लागले. वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियमकडे असे १६ तुकडे होते, २०२० मध्ये तपासणीचा निकाल आला की सगळेच्या सगळे बनावट. कातडं जुनंच होतं, पण शाई कातड्याला भेगा पडून गेल्यानंतर लावलेली होती, भेगांमध्ये उतरलेली दिसली. म्हणजे नुसतं कातड्याचं वय काढलं असतं तर ते जुनंच आलं असतं! ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, "लॅबमध्ये वय सिद्ध झालंय" म्हटलं की विचारा, कशाचं वय, कातड्याचं का अक्षरांचं.

तारीख आली म्हणजे झालं असं नाही

कार्बन डेटिंगबद्दल लोकांची दोन टोकं असतात, एक तर आंधळा विश्वास नाहीतर "ते काही खरं नसतं". पद्धत साधी आहे, झाड किंवा प्राणी जिवंत असताना हवेतला कार्बन-१४ आत येत राहतो, मेला की यायचा थांबतो आणि असलेला हळूहळू घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. साधारण ५०,००० वर्षांपर्यंत मोजता येतो. दगडाचं वय यातून निघत नाही, धातूचं निघत नाही, मूर्ती दगडाची असेल तर तिच्या शेजारच्या कोळशाचं वय काढतात, आणि मग तो कोळसा आणि ती मूर्ती एकाच वेळची कशावरून हा प्रश्न पुन्हा जागेकडेच येतो.

दुसरं, नमुना कशाचा होता ते बघा. धान्याचा दाणा असेल तर उत्तम, तो एका वर्षात पिकतो आणि फार वर्षं टिकत नाही. जुन्या मोठ्या झाडाचा गाभा असेल तर झाड पाडलं त्याच्या शेदोनशे वर्षं आधीची तारीख येऊ शकते, शिवाय चांगलं लाकूड लोक जुन्या घरातून काढून नव्या घराला लावतातच. म्हणजे तारीख चूक नसते, ती झाडाची असते, घराची नसते.

तिसरी गोष्ट धर्मांच्या इतिहासासाठी फारच महत्त्वाची आहे आणि बातम्यांमध्ये ती कधीच येत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण प्रत्येक शतकात सारखं नव्हतं, त्यामुळे लॅबमध्ये आलेला आकडा झाडांच्या वार्षिक कड्यांवरून बनवलेल्या आलेखाशी जुळवून घ्यावा लागतो. हा आलेख साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात जवळपास सपाट आहे. सपाट म्हणजे काय, तर इ.स.पू. ७५० चा दाणा आणि इ.स.पू. ४५० चा दाणा, दोघांचा आकडा जवळजवळ एकच येऊ शकतो. आणि बघा ना, हाच काळ बुद्धाचा, महावीराचा, उपनिषदांच्या बऱ्याच भागाचा, ज्यूंना हद्दपार करून बाबिलोनला नेलं त्या निर्वासनाचा, म्हणजे ज्या शतकांबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय तिथेच हे घड्याळ धूसर होतं. तेव्हा या काळाबद्दल कोणी नुसत्या कार्बनवर अगदी नेमकं दशक सांगत असेल तर दुसरा काय आधार आहे ते नक्की विचारा. दुसरे आधार असतात, मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजण्याची ओएसएल पद्धत आहे, खापरांच्या घाटावरून ठरणारा क्रम आहे, नाणी आहेत. फरशीच्या खाली न हललेल्या मातीत नाणं मिळालं तर फरशी त्या नाण्याच्या आधीची असू शकत नाही. मात्र ती नंतर किती वर्षांनी घातली हे नाणं सांगत नाही, जुनी नाणी पुष्कळ वर्षं फिरत राहतात.

तारखेने मोठमोठ्या ओळखी मोडल्यात. जेरिकोला १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँगला पडलेली तटबंदी मिळाली आणि हीच ती बायबलच्या कथेत यहोशुआच्या वेळी कोसळलेली भिंत असं त्याने सांगितलं. १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केन्यनने जास्त काटेकोरपणे थर वेगळे केले तेव्हा त्या भिंती साधारण हजार वर्षं आधीच्या निघाल्या. ग्रीक महाकाव्यातल्या ट्रॉयला श्लीमनने १८७३ मध्ये काढलेला "प्रायमचा खजिना" तसाच (प्रायम हा कथेतला ट्रॉयचा राजा), ज्या ट्रॉयच्या युद्धाशी तो जोडला त्याच्या हजाराहून जास्त वर्षं आधीचा. दोघांनाही शोधायचं होतं ते आधीच ठरलेलं होतं. माझं म्हणणं असं आहे की हे अप्रामाणिक लोक नव्हते, पण ग्रंथ हातात धरून खणलं की पहिली भिंत लागली की तीच आपली वाटते, हे कुणाचंही होऊ शकतं.

कोरीव लेख वाचताना

लेख मिळाला म्हणजे सोनंच, कारण माणूस स्वतः बोलतो. पण तो जे बोलतो तेवढंच घ्यायचं, पुढचं आपण जोडायचं नाही.

विदिशाजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे, लोक त्याला खांबबाबा म्हणून पूजत होते आणि त्यावर शेंदराचा इतका जाड थर होता की १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने खांब पाहिला तरी अक्षरं त्याला दिसली नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थर निघाला आणि ब्राह्मी लेख बाहेर आला, की तक्षशिलेचा, दियाचा मुलगा हेलिओदोर, ग्रीक राजा अंतलिकिताचा वकील (दूत), स्वतःही ग्रीक, राजा भागभद्राच्या दरबारात आलेला, स्वतःला भागवत (भगवंताचा भक्त) म्हणवणारा, त्याने देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला. काळ साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा शेवट. आता यातून काय कळतं? वासुदेवाची भक्ती तेव्हा होती, तिला राजदरबारात मान होता, भागवत हा शब्द लोक स्वतःसाठी वापरत होते, गरुड आणि वासुदेव यांचं नातं ठरलेलं होतं आणि परक्या मुलखातून आलेल्या माणसाला या भक्तीत जागा होती. केवढं मोठं आहे हे! आणि काय कळत नाही, तर कृष्ण ऐतिहासिक पुरुष होता का हे कळत नाही, आणि हेलिओदोरने आपले ग्रीक देव सोडले का हेही लेखात नाही. "ग्रीक राजदूताने हिंदू धर्म स्वीकारला" असं जे सर्रास लिहिलं जातं ते लेखाच्या पुढची उडी आहे.

तसंच इस्रायलमधल्या तेल दानचा लेख, १९९३ ला सापडलेला, अरामी भाषेतला, इ.स.पू. नवव्या शतकातला. त्यात शत्रू राजा यहूदाच्या घराण्याला "दावीदाचं घराणं" म्हणतो. त्याच्याआधी बायबलमधला राजा दावीद ही पूर्ण दंतकथा आहे असं म्हणणारे अभ्यासक होते, त्यांना हा लेख जड गेला. पण दावीदाचं राज्य ग्रंथात आहे तेवढं मोठं होतं का, यावर लेख गप्प आहे.

मग लेख कोणासाठी कोरला ते बघायचं. इराणचा राजा कुरुश (सायरस) याचा मातीचा लेख, कुरुशचा सिलिंडर, बाबिलोनला १८७९ मध्ये मिळाला, त्यात कुरुश सांगतो की बाबिलोनच्या मार्दुक देवाने मला निवडलं आणि मी देवांच्या मूर्ती आपापल्या जागी परत पाठवल्या. बायबलमध्ये तोच कुरुश म्हणतो की यहोवाने मला सांगितलं. सिलिंडरमध्ये जेरुसलेमचं नाव नाही, ज्यूंचंही नाही, तरी "बायबलचा पुरावा" म्हणून तो सगळीकडे दाखवतात. मला त्यात जास्त सुंदर वाटतं ते हे की राजा एकच, धोरणही साधारण एकाच प्रकारचं, आणि प्रत्येक प्रजेला ते तिच्याच देवाचं नाव घेऊन सांगितलं गेलं. राजकारण आणि धर्म कसे एकमेकांत विणलेले असायचे ते इथे दिसतं.

आणि लेखात दुसऱ्या देशातलं नाव आलं असेल तर ते आधी पकडा. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं आहेत, अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मग, अलिकसुंदर, आणि त्यांच्या तारखा ग्रीक बाजूने ठाऊक असल्यामुळे अशोकाचा काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर पक्का बसतो.

ग्रंथ सांगतो ते आणि लोक करत होते ते

माझ्या मते पुरातत्त्वाचं धर्माच्या इतिहासाला सगळ्यात मोठं देणं हे आहे. ग्रंथ बहुतेक वेळा काय करावं ते सांगतो, आणि तो लिहिणारा वर्ग छोटा असतो. मातीत मात्र सगळ्यांचं उरतं.

सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर, फरशांवर शेकडो छोटे छोटे दानलेख आहेत, अमक्या गावच्या अमकीचं दान, एवढंच. राजे त्यात फारसे नाहीत. गृहिणी आहेत, व्यापारी आहेत, दक्षिणेच्या तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी हे कोरकाम केलं असं लिहिलंय. आणि दात्यांमध्ये भिक्खू आणि भिक्खुणी भरपूर आहेत. नियमांप्रमाणे ज्यांच्याकडे पैसा असायला नको ते दगड कोरवून घेत होते, म्हणजे काहीतरी मालमत्ता, काहीतरी कुटुंबाचे धागे त्यांच्याकडे राहिले असणार. कोणाला हे वाचून वाईट वाटतं, मला नाही वाटत, उलट ती माणसं एकदम जवळची वाटतात, त्या भिक्खुणीचं नाव दोन हजार वर्षांनी आपण वाचतो.

सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रुदला १९७५-७६ मध्ये रांजणांवर शाईने लिहिलेले आशीर्वाद मिळाले, साधारण इ.स.पू. ८०० चे, त्यात "शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा" असे शब्द आहेत (शोमरोन ही तेव्हाच्या इस्रायल राज्याची राजधानी). अशेरा म्हणजे देवी का तिचं प्रतीक असलेला लाकडी खांब यावर वाद आहे, पण कुठलंही घेतलं तरी एकाच देवाचा आग्रह धरणाऱ्या ग्रंथाच्या शेजारी लोकांचा रोजचा धर्म वेगळा होता हे दिसतंच. खरं तर ग्रंथात अशेरेच्या विरोधात इतकं रागावून लिहिलंय त्यावरूनच कळायला हवं, कोणी करतच नसतं तर मना कशाला केलं असतं.

इजिप्तमध्ये राजा अखेनातेनने एकट्या अतेनची, म्हणजे सूर्यबिंबाची, पूजा सुरू केली, जुना मोठा देव आमून याचं नाव दगडांवरून खरवडून काढलं, नवी राजधानी वसवली. आणि त्याच राजधानीजवळच्या मजुरांच्या वस्तीत बेस आणि तावेरेत या घरगुती, बाळंतिणीला जपणाऱ्या देवतांची चित्रं आणि ताईत मिळाले. राजाने धर्म बदलला, पण बाळंतपणाची भीती तशीच होती.

सिरियातलं दुरा युरोपोस हे रोमन सरहद्दीवरचं शहर तर प्रत्येकाने एकदा बघावं. इ.स. २५६ च्या सुमाराला इराणचं ससानी सैन्य येणार म्हणून शहराच्या लोकांनी तटाला आतून मातीचा भराव घातला, तटालगतच्या इमारती त्यात गाडल्या गेल्या आणि म्हणून टिकल्या. एकाच तटाच्या कडेने सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनेचं घर आणि रोमन सैनिकांचा देव मिथ्रा याचं मंदिर. सिनेगॉगच्या भिंती बायबलमधल्या माणसांच्या चित्रांनी भरलेल्या, जेव्हा की ज्यू लोक तेव्हा अशी चित्रं काढतच नसत असा समज होता. एका लष्करी गावात हे सगळे शेजारी होते, हे कुठल्याही धर्माच्या आपल्या ग्रंथातून कळलं नसतं. तर तुम्ही कुठलीही साइट वाचाल तेव्हा देवळाबरोबर घरं, स्वयंपाकाच्या जागा, थडगी, कचरा यांचं काय मिळालं ते मुद्दाम शोधा. नुसत्या देवळाचं वर्णन म्हणजे अर्धाच रिपोर्ट.

नावं देताना जपून

मोहेंजोदडोचा "पुरोहित राजा" सतरा-साडेसतरा सेंटिमीटरचा दगडी पुतळा आहे. तो पुरोहित होता याला काही आधार नाही, राजा होता यालाही नाही, पण एकदा नाव चिकटलं की सिंधू संस्कृतीत पुरोहितांचं राज्य होतं असं पुढचं वाक्य आपोआप येतं. तिथलं मोठं स्नानगृह साधारण १२ बाय ७ मीटरचं, २.४ मीटर खोल, डांबरासारख्या थराने पाणी न गळेलसं केलेलं, ही सगळी मोजता येणारी माहिती, आणि त्यातलं स्नान धार्मिक होतं हा अंदाज. चांगला अंदाज असेल, पण अंदाजच, कारण लिपी अजून वाचता आलेली नाही. राजस्थानातल्या कालीबंगनला, याच संस्कृतीच्या गावात, राख असलेल्या खड्ड्यांची रांग मिळाली, त्यांना कोणी अग्निवेदी म्हणतं कोणी चुली. वाचताना पेन्सिलने खूण करत जा, हे सापडलं, हे मोजलं, हा अंदाज. मी खरंच असं करते आणि कधीकधी अख्ख्या पानावर "सापडलं" ची एकच खूण पडते.

तुर्कस्तानातलं गोबेकली तेपे हे याचं ताजं उदाहरण. इ.स.पू. ९५०० च्या आसपासचे, शेती रुळायच्या आधीचे, पाच मीटरपर्यंत उंच कोरीव खांब. क्लाउस श्मिटने १९९५ पासून खणलं आणि हे फक्त मंदिर होतं, इथे कोणी राहत नव्हतं असं मांडलं. नंतरच्या कामात तिथे राहती घरं आणि पावसाचं पाणी साठवायची सोय मिळाली. खांब तेवढेच थोर आहेत, पण मंदिर वेगळं आणि घर वेगळं ही आपली विभागणी त्या लोकांची होती का हाच प्रश्न आता पडलाय.

न सापडण्याबद्दल थोडक्यात. आधी विचारा, ती गोष्ट असती तर उरली असती का? वैदिक यज्ञाला देऊळ लागत नाही, मूर्ती लागत नाही, मंडप काम झालं की मोडायचा, मंत्र तोंडपाठ. अशा धर्माचं जमिनीत फारसं काही उरत नाही आणि ते उरलं नाही म्हणून तो नव्हता असं होत नाही. विटांची वेदी बांधली तर मात्र उरते, उत्तराखंडातल्या जगतग्रामला राजा शीलवर्म्याच्या अश्वमेधाच्या लेख असलेल्या विटा मिळाल्यात. उलट, लाखो लोकांचं मोठं दगडी शहर होतं असा दावा असेल आणि जागा नीट खणूनही त्या काळाचं एक खापरही मिळत नसेल, तर ते न मिळणं बोलकं असतं.

एक साइट घेऊन करून बघा

लुंबिनी घ्या. दावा लिहा: बुद्ध इथे जन्मला. आता थरांनी वरून खाली या. १८९६ मध्ये अशोकाचा स्तंभ ओळखला गेला, लेख म्हणतो राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः आला, इथे बुद्ध शाक्यमुनी जन्मला म्हणून त्याने पूजा केली आणि लुंबिनी गावाचा कर कमी केला. स्तंभ ओळखणाऱ्यांपैकी सरकारी पुरातत्त्व खात्यातल्या फ्युररने नंतर ब्रह्मदेशातल्या एका भिक्खूला खोटे अवशेष विकल्याचं उघड झालं आणि १८९८ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली, म्हणून त्याच्या नावाशी जोडलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणीतरी तपासली आहे का हे बघणं आलंच. मग २०१३ मध्ये रॉबिन कॉनिंगहॅम आणि कोशप्रसाद आचार्य यांच्या टीमने मायादेवी मंदिराच्या आत खणलेलं प्रसिद्ध झालं. अशोकाच्या काळच्या विटांच्या खाली आणखी जुन्या विटा, त्याच्याही खाली लाकडी खांबांचे खड्डे, आणि मधोमध छप्पर नसलेली जागा, तिथे झाडाच्या मुळांच्या खुणा. खड्ड्यांमधल्या कोळशाच्या तारखा साधारण इ.स.पू. ८०० ते ५५० च्या पट्ट्यात, म्हणजे पुन्हा तोच सपाट आलेख, म्हणून त्यांनी ओएसएलचीही जोड घेतली. बातमी झाली "बुद्धाचा जन्मकाळ सिद्ध". पण झाडाभोवतीचं कुंपण बौद्धच होतं हे कशावरून, वृक्षपूजा तर बुद्धाच्या आधीपासून होती, आणि बुद्धाचं निर्वाण इ.स.पू. ४०० च्या जवळपास मानणारेही बरेच अभ्यासक आहेत.

तर वहीत वाक्य असं येतं: अशोकाच्या काळी ही जागा बुद्धाचं जन्मस्थान मानली जात होती हे नक्की, आणि त्याच्या काही शतकं आधी याच ठिकाणी मध्ये झाड ठेवून भोवती लाकडी कुंपण केलेलं होतं, पुढे बांधलेल्या विटांच्या वास्तूनेही मधली ती जागा मोकळीच ठेवली. ते झाड कोणासाठी जपलं होतं, यापुढे मी प्रश्नचिन्ह काढते आणि पान उलटते.